कोंबड्याच्या हाती निरोप

मनकर्णेने सराटा, म्हणजे उलथणं, चौकटीवर एकदा आपटला आणि कान दिला.

बाहेरच्या खोलीतून खाकरण्याचा आवाज यायला हवा होता. तीन वर्षांत तो कधी चुकला नव्हता. एक ठोका म्हणजे ताट वाढलं, दोन ठोके म्हणजे आंघोळीचं पाणी तापलं, आणि त्यावर बाहेरून एक खोकला म्हणजे ऐकलं. खोकला झाला की ताट उंबऱ्यावर ठेवून ती आत सरायची, मग रामाजी येऊन ताट उचलायचे. घरचा सगळा कारभार असा ठोक्या-खोकल्यावर चालला होता, आणि खोटं कशाला बोला, झकास चालला होता.

आज मात्र खोकला आला नाही. दोरी करकचून ओढल्याचा आवाज आला.

तिने दाराच्या फटीला डोळा लावला. रामाजी वळकटीवर गुडघा रोवून बसले होते आणि दोरी आवळत होते. शेजारी पत्र्याची पेटी होती, तिलाही दोरी लागली होती. ही गाठ एकदा बसली की सहजासहजी सुटत नाही, हे मनकर्णेला ठाऊक होतं. ती खलाशाची गाठ होती; जहाजावरच्या नव्हे, कारखान्यातल्या खलाशाची. टनाटनाची वजनं दोरात बांधायची, खाली उभं राहून हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगायचं आणि वजन जागच्या जागी बसवायचं, हे रामाजींचं काम.

"अव माय," ती पुटपुटली, "खरंच निघाले हे तं."

रामाजी तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमगावकडच्या त्यांच्या गावात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि त्यांच्या आधी जेवायचं नाही. गावात घर लांबलचक, माणसं पुष्कळ, त्यामुळे हे सगळं आपोआप निभायचं. इथे भिलाईत सेक्टर दहाच्या क्वार्टरात एक खोली, तिच्यापुढे व्हरांडा, एक सयपाकखोली आणि मागे हातभर आंगण. भासरे बाहेरच्या खोलीत असले की मनकर्णा सयपाकखोलीत, आणि ते कामावर गेले की घर तिचं. एका घरात राहून रामाजींनी तिचा चेहरा पाहिला नव्हता आणि बोलणं ऐकलं नव्हतं.

कारखान्याच्या जागी नुसत्या चुन्याच्या रेघा होत्या तेव्हा रामाजी तंबूत राहिले होते. मग त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं, रोलिंग मिलमध्ये चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतः मात्र ठेकेदाराकडेच राहिले, लग्नही केलं नाही. दिवाळीला ठेकेदाराचं काम संपलं आणि त्यांनी गावी जायचं काढलं.

तेजराम पहिल्या पाळीहून आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली न टेकवली तोच मनकर्णेने मागच्या दाराने त्याला सयपाकखोलीत ओढलं.

"त्याईनं वळकटी बांधली."

"हो ना. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं जातो म्हनते."

"आन तुमी पाहून राहिले?"

"मंग काय करू? तीनदा सांगतलं. बाबुलाल फोरमननंबी सांगतलं का नव्या भट्टीचं काम निघून राहिलं, तुमच्यासारखा खलाशी मले पाह्यजे. दादा ऐकतच नाई."

"पन कावून?"

तेजरामने टोपी काढली, पुन्हा घातली.

"आता विचारलंच तं सांगतो. दिवाळीच्या आधी दादा एक दिवस लवकर घरी आले होते ना? खिडकीतून तू दिसली त्याईले. चेहरा नाई पाह्यला, पाठमोरी होती म्हने. बाहेरच्या खोलीत मोकळी बसून जेवत होती. दादा खोकलले, आन तू ताट घेऊन अशी पळाली का वाटी गडगडत दारापर्यंत आली. तवापासून त्याईच्या मनानं घेतलं. म्हनते, माझ्यापायी त्या पोरीले आपल्याच घरात सुखाचा घास नाई. मी गेलो का ती मोकळी होईन."

मनकर्णा पाटावर बसली.

आता त्या दिवशी काय झालं होतं, ते सांगायलाच हवं. लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते, गरम आणि कुरकुरीत. नवरा ड्यूटीवर, भासरे अजून जेवायचे होते, आणि बाईला धीर धरवला नाही. तिने ताट घेतलं, चक्क बाहेरच्या खोलीत वाऱ्याला जाऊन बसली आणि मोठ्यांच्या आधी एकामागून एक सात वडे चेपले. आठवा तोंडात असताना दारात खोकला. ती पळाली ती निव्वळ लाजेने, चोरी पकडली गेली म्हणून. आणि त्या भल्या माणसाने त्यातून काय अर्थ काढला, बघा!

तिने नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो तोंडावर हात ठेवून हसू लागला.

"आठ?"

"सात. आठवा तोंडात होता. हसता काय? जा ना, सांगा त्याईले."

तेजराम गेला. मनकर्णा भिंतीला कान लावून उभी राहिली. आता तेजराम माणूस सोन्यासारखा, पण त्याच्यात एक खोड होती. त्याच्या हातून निरोप कधी जसाच्या तसा जायचा नाही. त्यात आपल्याकडचं मीठमसाला घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"दादा, ती म्हनते का तुमच्यापायी नाई पळाली. वडे खाऊन राहिली होती म्हनून पळाली. वीसेक वडे होते. आन म्हनते का तुमी गेले तं मी अन्नाले शिवनार नाई. आतमंदी रडून राहिली, दादा. डोळे हे एवढाले सुजले."

मनकर्णेने आपल्या कोरड्या डोळ्यांना हात लावून पाहिला आणि कपाळ बडवून घेतलं.

बाहेर रामाजी हसले. ते हसणं मायेचं होतं.

"तू लहानपनापासून असाच. माय तापानं पडली होती, तवा येऊन सांगे, माय म्हनते दादानं आज वावरात नाई जावं, आराम करावा. मायले तं शुद्धच नोती रे. तुया जीव मोठा हाये, मले माहीत हाये. पन दुसऱ्याच्या तोंडात शबुद नोको घालू."

झालं. खरं ते सांगून झालं होतं आणि ते खोटं ठरलं होतं.

मनकर्णेने पीठ मळायला घेतलं आणि तसंच ठेवलं. तिला हा माणूस जायला नको होता. त्याचं कारण तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी तेजरामची रात्रपाळी असली की तिला झोप लागत नसे. गावात रात्र काळी असायची; इथे कारखान्यात भट्टीतली लोखंडाची तापलेली मळी ओतली की आभाळ एकदम तांबडं व्हायचं आणि भिंतीवर खिडकीचे गज उमटायचे. एकदा ती घाबरून ओरडली. त्यानंतर बाहेर व्हरांड्यात रामाजी खोकू लागले. थोडा वेळ गेला की पुन्हा एकदा. त्यांना खोकला नव्हताच. कोणी तरी जागं आहे, एवढं तिला कळावं म्हणून ते खोकत होते. ती झोपेपर्यंत खोकत राहिले, आणि पुढे प्रत्येक रात्रपाळीला खोकले. आपल्या बापानेही आपल्यासाठी एवढं जागरण केलं नसेल, असं तिला वाटायचं. आणि या माणसाला वाटत होतं की आपण तिला जड झालो!

"दादा, आजची संध्याकाळ तरी मंडईले चला," बाहेर तेजराम म्हणत होता. "जाताना हसून तं जा."

भाऊबीज झाली की त्यांच्या मुलखात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की दंडारीचा खेळ आलाच, गाणी आणि सोंगं आलीच. भिलाईत आलेल्या भंडाऱ्याकडच्या लोकांनी मैदानावर आपली छोटीशी मंडई सुरू केली होती. या वर्षी मात्र दंडारीचा संच दुसरीकडे अडकला, म्हणून मंडळाने वर्ध्याचा बाहुल्यांचा खेळ बोलावला. त्यावरून सकाळपासून कुरकुर चालू होती. लाकडाच्या बाहुल्या पाहायला आम्ही काय लेकरं आहोत का, असं जो तो म्हणत होता, आणि जो तो पुढची जागा धरायला लवकर येऊन बसला होता.

मैदानाच्या मधोमध दोरी बांधली होती. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाया, आणि दोरीच्या कडेने एक माणूस चालेल एवढी वाट. मनकर्णा दोरीला लागून बसली, शेजारी अंजनाबाई. पलीकडे दोन रांगा पुढे तेजराम आणि रामाजी. डोक्यावरचा पदर पुढे ओढला की भासऱ्यांकडे बिनधोक बघता येतं, ही सोय त्या रिवाजात होतीच. तिच्या मुठीत फुटाणे होते, पण तोंडात टाकायची वासना नव्हती.

पडदा सरकला. खाटेएवढ्या रंगमंचावर दीड हाताचा कोदू पाटील आला आणि लोकांची कुरकुर तिथेच संपली.

तो नुसता चालत आला होता. पण काय चालत आला! पोट आधी, पाटील मागून. दोन पावलं टाकून थांबला, लोकांवर नजर फिरवली, हात वर नेला आणि मिशीवरून फिरवला. मागून पेटीने सूर धरला आणि ढोलकीने ठेका. मग त्याची बायको कुटकी पाटलीन आली, कमरेला झटका देत, डोक्यावर पाण्याचा बोटभर पितळी गुंड. ती सारवायला बसली तेव्हा तिने आधी लुगडं आवरून घेतलं. बायांच्या बाजूने "अव माय, पाह्य तं!" असा एकच गलका झाला. मनकर्णेला सगळ्यात नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पाटलीन काही न करता नुसती उभी असली, तरी तिचे खांदे किंचित वर व्हायचे आणि खाली यायचे. लाकूड श्वास घेत होतं!

रामाजी पुढे झुकले होते. इतर लोक बाहुल्या बघत होते, रामाजी दोरे बघत होते. काळ्या दोऱ्यांवरून त्यांची नजर वर जायची आणि पुन्हा खाली यायची. पाटलीन डोक्यावर गुंड घेऊन शिडी चढू लागली, तेव्हा त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप उचलला गेला. बोटं सावकाश उघडत-मिटत होती. ही क्रेनवाल्याला करायची खूण, हळू घे. तेजरामने तिला एकदा करून दाखवली होती. पाटलीनीने गुंड फळीवर ठेवला आणि रामाजींची मूठ बंद झाली. थांब, बसलं जागेवर. मग त्यांनी इकडेतिकडे बघत हात खाली घेतला आणि मान हलवत तेजरामला म्हणाले,

"भले बाप्पा! टनाचं वजन सोपं रे. हे पावशेराचं कठीन."

खेळाची गोष्ट साधीच होती. टोपल्यातला शेवटचा वडा कोणी खाल्ला, यावरून पाटील-पाटलीनीचं भांडण झालं. वडा म्हटल्यावर मनकर्णेचे कान तापले. दोघांनी अबोला धरला. एका घरात राहायचं, पण बोलायचं नाही. जे सांगायचं ते घरच्या कोंबड्याच्या हाती. आणि कोंबडा महा बिलंदर. पाटील सांगायचा, "भाजीत मीठ कमी हाये म्हना," आणि कोंबडा तिकडे जाऊन सांगायचा, "पाटील म्हनते का तुया माहेरी मीठ पाह्यलं तरी होतं का?" पाटलीन लाटणं घेऊन तीनदा गरगर फिरायची. लोक मांड्या बडवून हसत होते. मागे उभे असलेले छत्तीसगडी लोक शेजाऱ्याला विचारून घ्यायचे आणि एक क्षण उशिरा, पण दुप्पट हसायचे.

हा तर आमच्याच घरचा कोंबडा, मनकर्णेच्या मनात आलं. सगळ्यात मोठ्याने तेजराम हसत होता.

कोंबडा पुढे आला आणि मान वेळावून गाऊ लागला:

"इकडून तिकडं, तिकडून इकडं,
चालून चालून पायाची लाकडं!
घर तं एक, आन चूल बी एक,
कोंबड्याच्या जिवाले घोर अनेक!"

गाणं संपलं आणि त्याने रागाने पंख झाडले. "जा बाप्पा! या दोघाईची चाकरी सोडली म्या. आता लोकाईचे निरोप पोचवतो. एका दाण्याले एक निरोप!"

आणि तो रंगमंचावरून खाली उतरला.

त्याच्यामागे पडद्याबाहेर एक बाई आली. काळं लुगडं, पिकलेले केस, कमरेत वाकलेली. खेळवाल्या आनंदरावांची ती बहीण, मैनाबाई. आतापर्यंत कोंबड्याचा आवाज तिचाच होता. दोन्ही हातांत दोरे घेऊन ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत होती, आणि चार पावलांत ती कोणाला दिसेनाशी झाली. दिसत होता तो फक्त कोंबडा. दोरीच्या कडेकडेने, मातीत चोची मारत, बायांकडे एक डोळा आणि पुरुषांकडे एक डोळा करत तो येत होता.

अंजनाबाई कसली लाजते! तिने फुटाणा पुढे केला. "माया मालकाले सांग, घरी जातानी चक्कीवरून दळन आनजा."

कोंबडा पलीकडे वळून ओरडला, "अंजनाबाईचे मालक कोन जी? तुमची बायको म्हनते, घरात पीठ नाई आन तुमी अठी दात काढून राहिले! दळन नाई आनलं तं आज दार उघडनार नाई!"

"बाप्पा रे!" म्हणत अंजनाबाईचा नवरा उठूनच उभा राहिला. हसणं थांबेना. बाबुलाल फोरमन तिकडून म्हणाले, "माया गँगले सांग, उद्या वेळेवर या." कोंबड्याने जाहीर केलं, "फोरमनसायेब म्हनते, उद्या सुट्टी!" सगळ्या गँगने टाळ्या पिटल्या.

कोंबडा परत फिरला आणि मनकर्णेसमोर आला.

तिने मूठ कधी उघडली ते तिचं तिला कळलं नाही. तळहातावर फुटाणे होते. भासऱ्यांशी बोलायचं नाही, हे ठीक. पण कोंबड्याशी बोलू नये असं कोणी सांगितलं होतं? लोक हसायच्या तयारीत होते. कोंबड्याने मान तिरपी केली आणि वाट पाहिली.

"माया घरी एक मोठं मानूस हाये," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "त्याईले सांग."

"काय सांगू वं माय?"

"सांग का, त्या दिवशी मी वडे खाऊन राहिली होती. त्याईच्या आधी. सात खाल्ले. म्हनून लाजेनं पळाली."

बाया खो खो हसल्या. अंजनाबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. पण मनकर्णा थांबली नाही. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं.

"त्याईच्यापायी नाई पळाली. मले त्याईचा कायचाच तरास नाई. रात्रपाळीले बाहेर कोनी खोकलं का मले झोप लागते. त्याईले सांग, उद्याची गाडी नोका धरू." तिने फुटाणे कोंबड्यापुढे ओतले. "खोकून येत जा म्हना. पन येत जा."

हसणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. दूर कारखान्यात मळी ओतली गेली आणि आभाळ तांबडं झालं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

मैनाबाईने दोरे सावरले. कोंबडा वळला आणि दोरी ओलांडून पलीकडे गेला. कोणाकडे जायचं, हे त्याला विचारावं लागलं नाही. पुरुषांच्या बाजूला एकच माणूस मान खाली घालून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. कोंबडा त्यांच्या पुढ्यात थांबला. त्याने पंख फडफडवले नाहीत, मान वेळावली नाही.

"निरोप हाये जी," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी वडे खाऊन राहिली होती. तुमच्या आधी. सात खाल्ले. म्हनून लाजेनं पळाली. तुमच्यापायी नाई. तुमचा कायचाच तरास नाई. रात्रपाळीले बाहेर कोनी खोकलं का झोप लागते. उद्याची गाडी नोका धरू. खोकून येत जा, पन येत जा."

आपल्या पदरचा एक शब्द नाही, निरोपातलं काही गाळलं नाही. त्या बाईने पूर्ण खेळात एवढा एकच निरोप सरळ पोचवला, आणि मनकर्णेला वाटलं, जाऊन तिचे पाय धरावे.

"उत्तर हाये का जी काही?" कोंबड्याने विचारलं.

रामाजी खाली वाकले. कोंबड्याच्या डाव्या पायाच्या दोऱ्याला मातीत ओढून गाठ पडली होती. त्यांनी ती आपल्या जाड, भेगाळलेल्या बोटांनी अलगद सोडवली, दोरा दोन बोटांत धरून सरळ केला आणि मैनाबाईकडे दिला.

"जानता हात हाये, भाऊ," मैनाबाई आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली.

रामाजींनी तिला हात जोडले आणि पुन्हा मान खाली घातली. कोंबडा बायांकडे परत आला.

"उत्तर नाई भेटलं, माय. आज कोंबडा खोटं बोलनार नाई."

मग खेळ पुढे गेला. वडा कोंबड्यानेच खाल्ला होता हे उघडकीला आलं, पाटील-पाटलीन त्याच्यामागे धावली, धावता धावता एकमेकांशी बोलून बसली, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सकाळी कुरकुरणारे तर खुर्च्या आणून आनंदरावांना बसवायला लागले. मनकर्णेने टाळ्या वाजवल्या, पण तिचं लक्ष नव्हतं. चार लोकांत भासऱ्यांशी बोलली. गावात कळलं तर काय म्हणतील? आणि एवढं करून उत्तर नाही ते नाहीच.

घरी जाताना रामाजी पुढे, तेजराम सायकल ढकलत मधे, ती दहा पावलं मागे. तेजरामजवळ आज घालायला मीठमसाला नव्हता.

तरी तिने घरी गेल्यावर लाखोरीची डाळ भिजत घातली. जाणाऱ्या माणसाला शिदोरी तर द्यावीच लागते. पहाटे उठून तिने डाळ वाटली, वडे तळले. तेजराम पहिल्या पाळीला निघून गेला. बाबुलाल फोरमनची सायकल रामाजींना दुर्गच्या स्टेशनावर सोडायला येणार होती. उजाडलं. वड्यांचं टोपलं भरलं. तिने शिदोरीचं फडकं पसरलं आणि ताटात वाढायला घेतलं. मग सराटा उचलून चौकटीवर एकदा आपटला.

खोकला आला नाही.

बाहेर दोरीचा आवाज होत होता. ती खालचा ओठ दातांत धरून उभी राहिली. पण हा आवाज आवळल्याचा नव्हता. दोरी फरशीवर पडल्याचा होता, वेटोळ्यावर वेटोळं. मग वळकटी उलगडून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. दाराबाहेर सायकलची घंटी वाजली आणि रामाजींनी रस्त्यावर आवाज दिला, "बाबुलाल, ठेसन नाई. थांब जरासा, कामावरच येतो मी."

आणि मग खोकला आला. एकदा, नेहमीसारखा.

तिने डोळे पुसले आणि ताट उचललं. तेवढ्यात रामाजी बोलू लागले. त्यांचं तोंड आंगणाकडे असावं; आवाज कोणालाच उद्देशून नव्हता.

"त्या कोंबड्याले कोनी सांगजा बाप्पा. वडा गरम असते तवाच त्याची चव. ज्यानं तळला त्यानं आधी खावा, या घरात आजपासून असंच." खुंटीला दोरी अडकवल्याचा आवाज आला. "सात झाले का मंग माझं ताट येऊ द्या म्हना."

मनकर्णेने ताट खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर नीट केला, बाहेरच्या खोलीकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली, आणि टोपल्यातला पहिला वडा बाहेर ऐकू जाईल असा कुरकुरीत चावला.